घरफोडीनंतर ठसे तज्ज्ञ येतात तेव्हा : आधी काय करायचं, आणि त्या ठशांचं पुढे होतं काय

आमच्या मुलुंडच्या घरी घरफोडी झाली तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सगळे एकच विचारतात, ठसे घेतले ना मग चोर अजून कसा सापडत नाही. टीव्हीवर बघून लोकांना वाटतं की पावडर मारली की ठसा दिसतो आणि कॉम्प्युटरमध्ये टाकला की फोटोसकट नाव बाहेर येतं. तसं होत नाही. मी यातनं गेलेय, घरी आलेल्या तज्ज्ञांना शंभर प्रश्न विचारलेत, नंतर बरंच वाचलं पण, आणि त्यातनं कळलं की ठसे मिळणार की नाही हे बरंचसं पोलीस येण्याच्या आधीच ठरून जातं, म्हणजे आपण त्या तासा-दोन तासात काय केलं त्यावर. म्हणून हे क्रमाने लिहितेय. ज्यांच्याकडे आत्ता घरफोडी झालीय त्यांनी पहिले दोन मुद्दे आधी वाचा, बाकीचं सावकाश.

१. दार फोडलेलं दिसलं की आत जाऊ नका

एक तर चोर आत असू शकतो. बाहेरनंच ११२ किंवा १०० लावा आणि तिथेच थांबा. कडी, लॅच, सेफ्टी डोअर कशालाच हात नको. आत जाऊन झालं असेल तर ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने बाहेर या.

मला माहितीये हे किती अवघड आहे, मंगळसूत्र आहे की गेलं हे बघायला जीव तुटतो, पण कपाट उघडू नका, लॉकर चाचपू नका, पडलेले डबे उचलू नका. चोराने नक्की हात लावलाय अशा ह्याच तर जागा असतात, आणि तुमचा एक हात त्याच जागी फिरला की खालचा ठसा पुसला जातो किंवा दोन्ही एकमेकांवर बसून कामाचे राहत नाहीत.

मुंबईत दुसरी अडचण म्हणजे माणसं. अख्खी विंग धीर द्यायला येते, कोणी पलंगावर बसतं, कोणी फॅन लावतं, कोणी किचनमध्ये जाऊन चहा टाकतं. सगळे प्रेमाने करतात पण ठशांची वाट लागते. एका खमक्या माणसाला दारात उभं करा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, मुलांना शेजारी बसवा. पाणीसुद्धा शेजारचंच प्या, आपल्या फ्रिजचं हँडल नको.

अजून एक गोष्ट जी बऱ्याच घरात होते आणि कोणी बोलत नाही. चोराने देवघरात हात घातलेला असला की घरातल्या मोठ्यांना देव लगेच धुवून पुसून ठेवायचे असतात. त्यांना समजावून सांगा की आज नाही, तज्ज्ञ येऊन गेले की करू. चांदीचा गुळगुळीत तांब्या, ताम्हण, समई यांच्यावर ठसा फार छान उठतो.

पावसाळा असेल आणि खिडकीची स्लायडिंग काच काढून चोर आत आला असेल तर ती काच भिजत पडलेली असते. ती पुसू नका. ओला ठसा गेलाच असं नसतं, त्याचं खाली लिहिलंय. हलवणं अगदीच भाग असेल तर आधी फोटो काढा आणि फक्त कडांना धरून बाजूला ठेवा.

२. तज्ज्ञ येईपर्यंत ह्या गोष्टी जमवा

बाहेर बसल्या बसल्या एवढं करता येतं:

– स्वतःचं ओळखपत्र आणि घराचा पुरावा, म्हणजे लाइट बिल किंवा अॅग्रीमेंट, कॉपी फोनमध्ये असली तरी सुरुवातीला चालून जातं
– सोन्याची बिलं, नसतील तर दागिने घातलेले लग्नाकार्यातले फोटो
– फोन, लॅपटॉप गेले असतील तर त्यांचे आयएमईआय किंवा सिरीयल नंबर, बॉक्सवर असतात
– सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज, हे त्याच दिवशी सेक्रेटरीला सांगून वेगळं सेव्ह करून ठेवा कारण बऱ्याच सोसायट्यांत थोड्या दिवसांनी जुनं फुटेज आपोआप उडतं
– गेल्या महिन्याभरात घरात कोण कोण येऊन गेलं त्याची यादी

शेवटची यादी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी करत नाही. कामवाल्या मावशी, स्वयंपाकाच्या काकू, एसी सर्व्हिसवाला, सुतार, पाहुणे, मुलांचे मित्र सगळे लिहा. कोणावर संशय म्हणून नाही, तर कोणाकोणाचे ठसे घरात असणं साहजिक आहे ते तज्ज्ञांना कळावं म्हणून.

३. एफआयआर

राहत्या घरातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. घर फोडून आत शिरल्याचं कलम ३३१ वेगळं लागतं. हे आकडे माहीत असलेले बरे, कारण नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास कसा करायचा ते सांगणारा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झालीय आणि तिच्या कलम १७६ मध्ये म्हटलंय की ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावे गोळा करायचे. राज्यांना हे सुरू करायला ५ वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे, त्यामुळे भांडायला जाऊ नका, पण "साहेब, ठसे तज्ज्ञ कधी येतील, तोपर्यंत आम्ही घर तसंच ठेवतो" एवढं तपास अधिकाऱ्यांना शांतपणे विचारा आणि आपला नंबर देऊन ठेवा. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, घेतल्याशिवाय निघू नका.

४. तज्ज्ञ आले की ते काय करतात

पहिलं म्हणजे त्यांना खरं खरं सांगा की कोणी कुठे हात लावला. "कोणीच काही हलवलं नाही" असं ओशाळून सांगतात लोक, आणि मग तज्ज्ञांचा वेळ सासूबाईंच्या ठशावर जातो.

ते लगेच पावडर मारत नाहीत. आधी टॉर्च तिरका धरून बघत फिरतात, कारण ठसा म्हणजे बोटाच्या रेषांवरचा घाम आणि चेहऱ्या-केसांना हात लावून बोटांवर आलेलं तेल, सरळ बघून दिसतच नाही, तिरक्या उजेडात चमकतो. काही ठसे तसेच दिसतात, रक्ताचे, ग्रीसचे, धुळीतले, काही मेणात किंवा ओल्या रंगात दाबले जाऊन उमटतात, पण घरफोडीत बहुतेक वेळा न दिसणारेच असतात. सापडलेल्या अशा ठशाला पोलीस चान्स प्रिंट म्हणतात, तोच शब्द तुम्हाला कागदावर दिसेल.

मग पावडर. गडद वस्तूवर फिकी, फिक्या वस्तूवर काळी, रंगीबेरंगी डिझाइन असेल तर अंधारात विशिष्ट लाइटखाली चमकणारी. ब्रश इतका मऊ असतो की टेकल्यासारखा पण वाटत नाही. लोखंडाची बारीक पूड असलेली एक पावडर चुंबकाच्या कांडीने फिरवतात, तिथे ब्रशचे केस लागतच नाहीत म्हणून ठसा खराब व्हायची भीती कमी. ठसा उठला की बाजूला छोटी पट्टी ठेवून फोटो, आणि नंतर पारदर्शक टेपने उचलून कार्डावर चिकटवतात. फोटो आधी आणि टेप नंतर, कारण टेप लावताना ठसा बिघडला तर निदान फोटो राहतो.

कुठे मिळतो आणि कुठे नाही हे मला आधी माहीत असतं तर मनाला उगाच आशा लागली नसती. काच, स्टीलचे डबे, गुळगुळीत ऑइलपेंट, चकचकीत सनमायका, टाइल्स, प्लॅस्टिकचे दागिन्यांचे बॉक्स इथे चांगला मिळतो. खडबडीत लाकूड, सेफ्टी डोअरची जाळी, खरबरीत प्लास्टरची भिंत, चादर, कपडे इथे जवळपास नाहीच. लोक हट्ट करतात की चोराने गादी उलटी केली तिच्यावरचे ठसे घ्या. साध्या पद्धतीने नाही निघत हो.

कागद, पाकीट, पासबुक असेल तर तिथे पावडर कमी चालते कारण घाम कागदात शोषला जातो. अशा वस्तू पाकिटात घालून नेतात आणि निनहायड्रिन नावाचं रसायन लावतात, घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन जांभळ्या रंगात ठसा उठतो. प्लॅस्टिक पिशवी, बाटली, पाना किंवा स्क्रूड्रायव्हर चोर विसरून गेला असेल तर ते बंद पेटीत ठेवून फेविक्विक जातीच्या गोंदाची वाफ देतात, ती वाफ ठशावर पांढरी घट्ट बसते आणि मग तो सहज पुसला जात नाही. चिकटपट्टीच्या चिकट बाजूवरचा ठसासुद्धा जांभळ्या डायने काढता येतो, म्हणून टेपचा तुकडा पडलेला दिसला तर तो कचरा समजू नका.

आणि ओल्या काचेचं. ओल्यावर कोरडी पावडर मारली तर तिचा लगदा होतो, म्हणून एक तर वस्तू आपोआप सुकू देतात, हेअर ड्रायर बियर अजिबात नाही, किंवा पाण्यात मिसळलेलं बारीक कणांचं द्रावण फवारतात. ते कण तेलकट भागाला चिकटतात आणि बाकीचं पाणी वाहून जातं. पावसात भिजलेल्या गाडीवरही हेच वापरता येतं.

५. आपले ठसे द्या, आणि मावशींना मान देऊन विचारा

घरात सापडलेले बहुतेक ठसे घरच्यांचेच असतात. ते बाजूला काढायचे तर आपले ठसे हवेत. शाई किंवा स्कॅनर, दहा बोटं आणि जमलं तर तळहात पण, कारण चोर खिडकीतनं आत येताना तळहात टेकतो. बरेच जण घाबरतात की आपले ठसे पोलिसांच्या रेकॉर्डला कायमचे गेले. हे ठसे फक्त वगळण्यासाठी असतात, आरोपीचे जे २०२२ च्या ओळख कायद्याखाली घेतात आणि ७५ वर्षं जपून ठेवतात ते वेगळे. शंका असेल तर तपास अधिकाऱ्यांना विचारा की हे कशासाठी घेताय आणि केस संपल्यावर यांचं काय करणार, त्यात गैर काहीच नाही.

इथे मला एक मनापासून सांगायचंय. घरफोडी झाली की पहिली नजर कामवाल्या मावशींवर जाते, वॉचमनवर जाते. आमच्या मावशी ठसे द्यायचं म्हटल्यावर रडायला लागल्या होत्या, त्यांना वाटलं आपल्यालाच धरलं. आधी तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर ठसे द्या, मग त्यांना नीट सांगा की ताई, आमचे पण घेतले, तुमचा हात रोज या डब्यांना लागतो म्हणून तुमचे वेगळे काढायचेत. त्यांच्या ठशांनी त्यांचंच नाव मोकळं होतं. एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात आणि ती आपण द्यायलाच हवीत.

६. पंचनामा वाचल्याशिवाय सही नको

माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात दुर्लक्षित जागा ही. पंचनाम्यात "कपाटावर ठसा मिळाला" एवढंच लिहिलं असेल तर थांबा आणि विनंती करा की कुठल्या कपाटाच्या, कुठल्या खणाच्या, आतल्या की बाहेरच्या बाजूला ते लिहा.

कारण ठसा एवढंच सांगतो की या माणसाचा हात इथे लागला. कधी लागला ते खात्रीने सांगता येत नाही, ठशाचं वय काढायची भरवशाची पद्धत नाहीये. दाराच्या बाहेरच्या बाजूला कुरियरवाल्याचा ठसा असणारच, उद्या त्याने कोर्टात सांगितलं मी पार्सल द्यायला आलो होतो तर संपलं. पण तोच ठसा बेडरूममधल्या लॉकरच्या आतल्या डबीवर असेल तर त्याला सांगण्यासारखं काही राहत नाही. म्हणून कोणाचा ठसा याच्या इतकंच कुठे सापडला हे महत्त्वाचं.

ह्याचं एक जुनं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १८९७ मध्ये बंगालमध्ये जलपायगुडीच्या एका चहाच्या मळ्यावर मॅनेजरचा खून झाला, पेटीतल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा सापडला आणि तो आधी चोरीत शिक्षा भोगलेल्या एका जुन्या नोकराच्या रेकॉर्डशी जुळला. कोर्टाने त्याला चोरीत दोषी धरलं पण खुनात नाही, कारण पंचांगाला हात लागला हे सिद्ध झालं, जीव त्यानेच घेतला हे नाही. सव्वाशे वर्षं झाली तरी मुद्दा तोच आहे.

दोन पंच असतात, ते शक्यतो सोसायटीतले घ्या जे पुढे कोर्टात यायला तयार आहेत. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूचं पाकीट सील झालं का, त्यावर सह्या झाल्या का बघा. जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आता नव्या कायद्यात आहे, तेव्हा कोणी मोबाईलवर शूट करत असेल तर गोंधळू नका.

घर साफ करायची परवानगी मिळाली की पावडरवर लगेच ओलं फडकं मारू नका, काळा चिखल होतो आणि भिंतीत मुरतो. आधी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने कोरडी काढा, मग भांड्याच्या लिक्विडचं पाणी.

७. मॅच कसं करतात

रक्त, डीएनए वगैरे असेल तर ते कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं, ठसे सहसा अंगुली मुद्रा विभागाकडे. त्यामुळे "कलिनाचा रिपोर्ट आला का" विचारत बसू नका, ठशांचा रिपोर्ट वेगळा येतो.

आपल्या आज्या बोटावरचे शंख आणि चक्रं मोजायच्या ना, तज्ज्ञ पण तिथनंच सुरुवात करतात. शंख म्हणजे वळून परत जाणाऱ्या रेषा, चक्र म्हणजे गोल फिरणाऱ्या, आणि तिसरा प्रकार कमानीचा, जो कमी लोकांत असतो. पण ह्याने फक्त गट ठरतो, माणूस नाही. माणूस ठरतो तो रेषांमधल्या बारीक खुणांवरनं, रेष कुठे अचानक संपते, कुठे फुटून दोन होतात, कुठे मध्येच छोटा तुटक तुकडा आहे, आणि ह्या खुणा एकमेकींपासून किती रेषा लांब आहेत. ह्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि जुळ्या भावांच्यासुद्धा वेगळ्या असतात.

महाराष्ट्र पोलिसांची ठसे साठवून जुळवणारी अॅम्बिस नावाची सिस्टिम आहे, बोटांशिवाय तळहात, चेहरा आणि डोळ्यांची बुबुळं पण तिच्यात घेतात. देशपातळीवर २०२२ पासून नॅफिस नावाची ठशांची सिस्टिम आहे, अटक झालेल्या माणसाला तिथे १० आकडी नंबर पडतो आणि त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे सुरतला पकडलेल्याचा ठसा मुलुंडच्या ठशाशी लागू शकतो. मशीन नाव सांगत नाही, ते जवळचे वाटणारे काही ठसे क्रमाने पुढे ठेवतं. त्यानंतर माणूस दोन्ही ठसे शेजारी ठेवून खुणा जुळवतो, जुळल्या तर दुसरा तज्ज्ञ पुन्हा स्वतंत्र तपासतो. किती खुणा जुळायला हव्यात याचा आकडा आपल्या कायद्यात लिहिलेला नाही, तज्ज्ञाला आपलं मत कोर्टात कारणांसकट मांडावं लागतं.

ही दुसरी तपासणी मनापासून व्हायला लागते. २००४ च्या माद्रिद रेल्वे बॉम्बस्फोटात एका पिशवीवरच्या ठशावरनं एफबीआयने अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड नावाच्या वकिलाला धरलं, त्यांच्या एकाहून जास्त तज्ज्ञांनी तो ठसा त्याचाच म्हणून सांगितलं, आणि स्पॅनिश पोलिसांनी तो एका अल्जिरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. एफबीआयला माफी मागावी लागली. तेव्हा रिपोर्टला वेळ लागतोय म्हणून चिडू नका, घाईत चुकीचा माणूस आत गेलेला कोणाला हवाय.

"मग आधारवरनं काढा ना" हे तर मला रोज कोणीतरी सांगतं. आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे बोटांचे ठसे आणि बुबुळं कोणालाच देता येत नाहीत, पोलिसांनाही नाही. म्हणजे चोर पहिल्यांदाच चोरी करत असेल आणि कधी अटक झाली नसेल तर ठसा कितीही सुंदर उठला तरी जुळवायला समोर काही नसतं. बहुतेक वेळा अडतं ते इथे, पोलीस काही करत नाहीत म्हणून नाही.

८. ठसा मिळाला नाही किंवा जुळला नाही तर

चोर हातमोजे घालतात, पायमोजे हातात घालून पण येतात. ठसा नाही म्हणून केस मेली असं नाही, फुटेज, मोबाईल टॉवर, सोनाराकडचा माल यांवर तपास चालू असतो. तपास कुठपर्यंत आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं असं नव्या कायद्यात आहे, नाही कळवलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

इन्शुरन्स असेल तर कंपनीला लगेच कळवा, चोर सापडायची वाट बघू नका. गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडला नाही असं ठरलं तर पोलीस कोर्टात ए समरी पाठवतात आणि क्लेमसाठी कंपनी बहुतेक वेळा तोच कागद मागते. सापडलेलं सोनं पोलीस स्टेशनमधनं थेट मिळत नाही, मुद्देमाल परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागतो आणि तिथे परत ती बिलं, ते फोटो लागतात, तेव्हा फाइल एका जागी ठेवा.

ए समरी झाली तरी न जुळलेला चान्स प्रिंट सिस्टिममध्ये राहू शकतो. पुढे कधी तो माणूस दुसऱ्या गुन्ह्यात पकडला गेला आणि त्याची दहा बोटं स्कॅन झाली की ती जुन्या न जुळलेल्या ठशांशी पण ताडून बघता येतात, त्यामुळे मध्ये वर्षं गेली तरी फोन येऊ शकतो. नंबर बदललात किंवा घर विकून दुसरीकडे राहायला गेलात तर एफआयआर नंबर घालून एक साधा अर्ज त्या पोलीस स्टेशनला देऊन या, नवा पत्ता आणि नवा नंबर लिहून.